अलंकार ओळखला, पण त्याने केले काय?

गेल्या अंकात आम्ही इंग्रजीच्या अभ्यासाविषयीचे प्रश्न मागवले होते. व्याकरणाचे प्रश्न अधिक येतील अशी अटकळ होती, पण बहुतेक पत्रे निघाली ती साहित्याच्या आणि चित्रवाचनाच्या संज्ञांविषयीची. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला इंग्रजीच्या तासाला सुमारे चाळीस संज्ञांची यादी मिळाली. तिने ती व्याख्यांसह तोंडपाठ केली, तरीही चाचणीतल्या तिच्या उत्तरापुढे शिक्षकांनी 'मग काय?' असा शेरा मारला. संज्ञा तर तिने बरोबर ओळखली होती. मग चुकले कुठे? — एक पालक

चुकले काहीच नाही, उत्तर अर्ध्यावर थांबले. उताऱ्यात 'जुने घर वाकलेल्या म्हाताऱ्यासारखे रस्त्याच्या कडेला उभे होते' असे वाक्य आहे असे धरू. विद्यार्थी लिहितो की या वाक्यात सिमिली, म्हणजे 'सारखे' म्हणून केलेली तुलना, असून तिच्यामुळे वर्णन परिणामकारक झाले आहे. यातला पहिला भाग खरा आहे आणि दुसऱ्या भागात काहीही नाही, कारण 'परिणामकारक' हे विशेषण कोणत्याही पानावरच्या कोणत्याही अलंकाराला चिकटवता येते. परीक्षकाला नेमके त्याच जागी काहीतरी हवे असते.

मी वर्गात एक साधी युक्ती सांगत असे. संज्ञा ओळखली की तो अलंकार वाक्यातून काढून टाकायचा आणि उरलेले वाक्य मोठ्याने वाचायचे. 'जुने घर रस्त्याच्या कडेला उभे होते.' काय गेले? घराचे झुकलेपण गेले, ते कोणाची तरी वाट पाहत थांबले असावे हा भास गेला आणि वाचताना मनात उमटलेली किंचित कणवही गेली. आता त्या जागी दुसरे काही घालून पाहा : 'जुने घर मातीच्या ढिगाऱ्यासारखे रस्त्याच्या कडेला उभे होते.' घर तेवढेच जुने राहिले, पण कणव परत आली नाही. उलट ते घर कोणी हलवले तर बरे, असे वाटू लागले. म्हणजे मूळ वाक्यातल्या म्हाताऱ्याने घराला केवळ वय दिलेले नव्हते, माणूसपण दिलेले होते. हे एक वाक्य उत्तरात लिहिले असते, तर 'मग काय?' विचारायला जागा उरली नसती.

चाळीस संज्ञांचे म्हणाल, तर त्यांतल्या बारा-पंधराच वारंवार हाताशी लागतात. बाकीच्या ओळखीपुरत्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे. यादी देणाऱ्यांना ते पटेलच असे नाही.

प्रश्न : मराठीत आम्ही उपमा, रूपक, उत्प्रेक्षा शिकलो आहोत. उपमा म्हणजे सिमिली आणि रूपक म्हणजे मेटाफर असे समीकरण मांडून चालेल का? आणि उत्प्रेक्षेला इंग्रजीत काय म्हणतात? — एक विद्यार्थी

पहिले समीकरण जवळजवळ चालते, दुसरे निम्मे चालते, आणि उत्प्रेक्षेसाठी इंग्रजीच्या वर्गात वेगळे नावच वापरत नाहीत.

उपमेपासून सुरुवात करू. आपल्याकडे उपमेचे चार घटक शिकवतात : ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांतला साधारण धर्म, आणि सारखा, जसा, प्रमाणे यांसारखा साम्यवाचक शब्द. इंग्रजी सिमिलीतही हेच चार घटक असतात आणि साम्यवाचक शब्दाचे काम बहुधा 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' करतो. गंमत अशी की इंग्रजीत तुलनेच्या दोन बाजूंना स्वतंत्र नावे मिळाली ती फार उशिरा. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने १९३६ साली मेटाफरची चर्चा करताना 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही जोडी सुचवली. ती म्हणजे ढोबळमानाने आपले उपमेय आणि उपमान. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ही जोडी नव्याने शिकायची नसते, केवळ तिचे दुसरे नाव लक्षात ठेवायचे असते.

एक सावधगिरी मात्र हवी. वाक्यात 'लाइक' दिसला म्हणजे सिमिली झाली, असे नाही. 'ती आईसारखी गाते' हे वाक्य घ्या. आईही गाते, मुलगीही गाते. एका गाणारीची दुसऱ्या गाणारीशी केलेली ती साधी तुलना आहे. 'ती झऱ्यासारखी गाते' म्हटले की दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी शेजारी आल्या आणि तिथे अलंकार जन्मला. परीक्षेत 'लाइक' खाली रेघ मारून पुढे जाणारी मुले या ठिकाणी हमखास फसतात.

आता रूपक. मराठीत उपमेय आणि उपमान यांत भेद न ठेवता दोन्ही एकच मानले की रूपक होते, आणि इंग्रजीतही असे वाक्य मेटाफरच ठरते. पण मेटाफरचा संसार याहून बराच मोठा आहे. 'तिने ते पुस्तक दोन दिवसांत फस्त केले' या वाक्यात उपमान कुठेही लिहिलेले नाही. पुस्तकाला अन्न म्हटलेले नाही, तिला भुकेली म्हटलेले नाही. सगळी करामत एका क्रियापदाची आहे. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य रूपकाखाली सापडणार नाही, ते लक्षणेकडे जाईल, कारण 'फस्त करणे' याचा वाच्यार्थ पुस्तकाला लागू पडत नाही आणि आपण त्याला चिकटलेला दुसरा अर्थ घेतो. इंग्रजीच्या वर्गात मात्र हा सरळ मेटाफर असतो. त्यामुळे मेटाफर शोधताना फक्त 'अमुक म्हणजे तमुक' अशा साच्याची वाक्ये शोधू नका. क्रियापदे आणि विशेषणेही तपासा, कारण चांगले लेखक मेटाफर बहुतेक वेळा तिथेच दडवून ठेवतात. मेटाफर या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणे असा आहे. मग ते ओझे नामाने वाहिले काय आणि क्रियापदाने वाहिले काय.

वापरून वापरून ज्यातली तुलना आता कोणाला जाणवतही नाही, असे 'टेबलाचा पाय' किंवा 'सुईचे नाक' यांसारखे प्रयोग इंग्रजीत 'डेड मेटाफर' म्हणून ओळखले जातात. एकच रूपक धरून त्याचे निरनिराळे अवयव परिच्छेदभर फुलवत नेले, तर त्याला 'एक्स्टेंडेड मेटाफर' म्हणतात. आपल्या साहित्यशास्त्रात सांगरूपक नावाने ते पूर्वीपासून आहेच.

उत्प्रेक्षेत उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना असते. इंग्रजीत हे काम 'अ‍ॅज इफ' किंवा 'अ‍ॅज दो' या शब्दांनी होते आणि ते सिमिलीतच मोजले जाते. आपल्याला हे थोडे ढिसाळ वाटणे स्वाभाविक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार आहेत, पुढच्या शास्त्रकारांनी ती संख्या शंभरापलीकडे नेली. इतके बारकावे नोंदवणाऱ्या परंपरेतून इंग्रजीच्या वर्गात गेले की तिथली खाती मोठी आणि मोजकी वाटतात. पण उत्तर लिहिताना हा फरक तुमच्या उपयोगाचा आहे. 'सारखे' म्हणणाऱ्याला साम्याची खात्री असते, 'जणू' म्हणणारा कल्पनेच्या उंबरठ्यावर रेंगाळतो. नाव दोन्हींचे सिमिली असले, तरी ही रेंगाळण्याची छटा तुम्ही उत्तरात टिपलीत, तर कोणताही परीक्षक मान डोलावील.

निर्जीवाला सजीवाचे गुण देणारी चेतनगुणोक्ती आणि पर्सॉनिफिकेशन यांची जोडी मात्र निर्धास्तपणे जुळवा. तिच्या शेजारी बसणारी 'पथेटिक फॅलसी' ही संज्ञा विचित्र नावामुळे लक्षात राहते. पात्र दुःखी असताना निसर्गानेही रडावे, या प्रकाराला जॉन रस्किन यांनी १८५६ साली हे नाव दिले आणि त्यात त्यांना दोष दिसत होता, म्हणून त्याला फॅलसी, म्हणजे भ्रम, म्हटले. आजच्या वर्गात ती संज्ञा दोष म्हणून नव्हे, केवळ वर्णन म्हणून वापरतात.

प्रश्न : अनुप्रास आणि अलिटरेशन एकच ना? — एक विद्यार्थिनी

सख्खी नव्हेत, चुलत भावंडे. अनुप्रासात अक्षराची पुनरावृत्ती शब्दात कुठेही चालते. अलिटरेशन म्हटले की जवळजवळच्या शब्दांच्या आरंभीचा व्यंजनध्वनी बघायचा. तोच ध्वनी शब्दांच्या मध्ये किंवा शेवटी आला तर त्याला 'कॉन्सोनन्स' म्हणतात आणि स्वर पुन्हा पुन्हा आला तर 'असोनन्स'.

यातला कळीचा शब्द ध्वनी हा आहे. देवनागरीत लिहिलेले आणि ऐकू येणारे यांत फारसे अंतर नसते, म्हणून आपण बेसावध राहतो. इंग्रजीत 'नाइफ' आणि 'किंग' हे दोन्ही शब्द 'के' या अक्षराने सुरू होतात, पण त्यांचे अलिटरेशन होत नाही; उलट 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरे वेगळी असूनही ते होते. यमकाचेही तसेच. 'टफ', 'दो', 'थ्रू' आणि 'कॉफ' या चारही शब्दांची शेवटची चार अक्षरे इंग्रजी लिखाणात एकच आहेत, आणि तरी यांतले कोणतेही दोन शब्द यमकात बसत नाहीत. 'थ्रू' आणि 'ब्लू' यांचे स्पेलिंग कुठेच जुळत नाही, आणि त्यांचे यमक मात्र अगदी पक्के. कविता आधी कानाने वाचा आणि मग पेन्सिल उचला.

प्रश्न : 'टोन' आणि 'मूड' यांत मी दर वेळी घोटाळा करते. दोन्हींचे उत्तर 'दुःखी' असेच येते. — एक विद्यार्थिनी

टोन हा सांगणाऱ्याचा असतो आणि मूड वाचणाऱ्याभोवती तयार होतो. मराठीत टोनला सूर म्हणावे आणि मूडला वातावरण म्हणावे, म्हणजे निम्मा घोटाळा तिथेच मिटतो. सूर लावणारा कोणीतरी असतो. वातावरण लावता येत नाही, ते पसरते.

सूर शब्दांच्या निवडीतून कसा कळतो, ते बघायला फार लांब जायला नको. एक माणूस उशिरा घरी पोहोचला, एवढीच घटना आहे. 'तो आला.' 'तो आला एकदाचा.' 'स्वारी आली.' 'तो आला बिचारा.' घटना एकच, पण पहिल्या वाक्यात सांगणारा तटस्थ आहे, दुसऱ्यात वैतागलेला आहे किंवा सुटकेचा श्वास टाकतो आहे, तिसऱ्यात लाडिक किंवा खोचक आहे आणि चौथ्यात त्याला दया आली आहे. प्रत्येक वेळी हा फरक एका-दोन शब्दांनी केला आहे. 'एकदाचा' काढून टाका, वैताग गेला. टोनविषयीच्या उत्तरात नेमका हा शब्द उद्धृत करायचा असतो. 'लेखकाचा टोन वैतागलेला आहे' एवढे लिहून थांबणे म्हणजे पुरावा घरी ठेवून साक्ष द्यायला जाणे.

आता तुमचा खरा प्रश्न. टोन आणि मूड जुळलेच पाहिजेत असे कुठेही नाही, आणि ते जुळत नाहीत तेव्हाच लिखाण अंगावर येते. मी इथेच तयार केलेल्या या तीन ओळी वाचा. 'संध्याकाळी सात वाजता दार बाहेरून बंद करण्यात आले. सव्वासातला आतून ठोठावण्याचा आवाज आला. साडेसातला तो थांबला.' सांगणाऱ्याचा सूर एखाद्या नोंदवहीसारखा कोरडा आहे. 'करण्यात आले' या कर्मणी रचनेने तर दार कोणी बंद केले, हेही झाकून टाकले आहे. आणि वातावरण? भीतीचे. सूर जितका थंड, तितकी वाचकाची भीती वाढते, कारण ज्या माणसाने आपल्याबरोबर घाबरायला हवे होते, तोच घड्याळ बघत उभा आहे. या ओळींवर दोन्ही प्रश्न आले, तर टोनचे उत्तर 'अलिप्त' आणि मूडचे 'भयकारक' असे येईल. आता दोन्हींना 'दुःखी' लिहून बघा.

प्रश्न : 'थीम' लिहा असे विचारले की मी 'मैत्री' किंवा 'धैर्य' असे लिहितो. शिक्षक अपूर्ण म्हणतात. शिवाय मोटिफ आणि सिम्बॉल यांचे काय करायचे? — एक विद्यार्थी

'मैत्री' हा विषय झाला. त्या विषयाबद्दल ही कथा काय म्हणते, ती थीम. मराठी समीक्षेत तिला आशयसूत्र म्हणतात आणि सूत्र म्हटले की ते वाक्यातच मांडावे लागते. मैत्रीवरच्या दोन कथा परस्परविरोधी थीम सांगू शकतात. एक म्हणेल की अडचणीत मैत्री घट्ट होते, दुसरी म्हणेल की अडचण आली की मैत्रीचे खरे वजन कळते आणि ते बहुधा कमी निघते. एका शब्दाच्या उत्तराने या दोन कथांतला भेद कळणार नाही, म्हणून शिक्षक अपूर्ण म्हणतात. 'नेहमी खरे बोलावे' यासारखा उपदेशही थीम नव्हे. तो बोधकथेचा शेवट आहे.

मोटिफ आणि सिम्बॉलसाठी एक कल्पित कथा घेऊ. घरातली थोरली बहीण किल्ल्यांचा जुडगा कायम हातात ठेवते. पहिल्या प्रकरणात किल्ल्यांची किणकिण ऐकून धाकटी भावंडे गप्प होतात. मध्यावर जुडगा हरवतो आणि घर दोन दिवस मोकळे राहते. शेवटी तो सापडतो, पण तिच्या लक्षात येते की या दोन दिवसांत कोणीच काही नेले नाही. किल्ल्या पुन्हा पुन्हा येतात, हा मोटिफ. त्या केवळ लोखंड न राहता अधिकाराच्या जागी उभ्या राहतात, हे सिम्बॉल. आणि माणूस सांभाळण्याच्या नावाखाली इतरांना कोंडून ठेवतो, ही थीम. किल्ल्यांच्या जागी रुमाल घालून कथा पुन्हा सांगून बघा. ती लगेच लंगडी पडेल. ज्या वस्तूच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू चालते, तिला सिम्बॉल म्हणण्याची घाई करू नका. कथेतला प्रत्येक पाऊस दुःखाचा नसतो. काही पाऊस नुसते पडतात.

प्रश्न : गोष्टीतला 'मी' म्हणजे लेखकच ना? — एक वाचक

नाही. तो निवेदक, म्हणजे नरेटर. लेखक त्याला घडवतो, जसे इतर पात्रांना घडवतो, आणि तो चुकीचे किंवा खोटेही सांगू शकतो. अशा निवेदकाला 'अनरिलायबल नरेटर' हे नाव वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली दिले. उत्तरात 'लेखक घाबरला आहे' न लिहिता 'निवेदक घाबरला आहे' असे लिहावे. एका शब्दाची सवय आहे, पण ती लागली की पुष्कळ गोंधळ टळतो.

प्रश्न : आयरनी म्हणजे उपरोध का? — एक पालक

आयरनीच्या तीन प्रकारांपैकी एकाला उपरोध जवळचा आहे. बोलायचे एक आणि सुचवायचे त्याच्या उलट, ही 'व्हर्बल आयरनी'. आपल्या व्याजस्तुतीचा, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा करणाऱ्या अलंकाराचा, तिच्याशी जवळचा नातेसंबंध आहे. टोचण्याच्या हेतूने केली की ती 'सार्कॅझम' होते. अपेक्षेच्या नेमके उलट घडणे, उदाहरणार्थ अग्निशमन केंद्रालाच आग लागणे, ही 'सिच्युएशनल आयरनी'. आणि प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट रंगमंचावरच्या पात्राला ठाऊक नसणे, ही 'ड्रामॅटिक आयरनी'. ज्या पेल्यात विष आहे हे आपल्याला माहीत आहे, तोच पेला उचलून पात्र दुसऱ्याला दीर्घायुष्य चिंतते, तेव्हा साध्या वाक्यालाही धार येते. नुसत्या योगायोगाला किंवा दुर्दैवाला मात्र आयरनी म्हणू नये. सहलीच्या दिवशी पाऊस पडणे हे दुर्दैव. हवामानतज्ज्ञांच्या सहलीत पाऊस पडणे ही आयरनी.

प्रश्न : इंग्रजीच्या पेपरात आता चित्र देऊन त्यावर परिच्छेद लिहायला सांगतात. चित्रात काय दिसते ते मी लिहिते, पण गुण मिळत नाहीत. सेलियन्स, व्हेक्टर, गेझ हे शब्द नेमके कसे वापरायचे? — एक विद्यार्थिनी

दिसते ते लिहिणे हे वर्णन झाले, आणि प्रश्न असतो चित्राच्या रचनेचा. चित्रही कोणीतरी मुद्दाम रचलेले असते. काय मोठे काढायचे, काय कडेला ढकलायचे, काय चौकटीबाहेर ठेवायचे, हे सारे निर्णय असतात. आपण एक चित्र मनात उभे करू आणि त्याच्यावरच हे शब्द चालवून पाहू.

करड्या रंगाची एक मोठी खोली. उजवीकडे छतापर्यंत पोहोचणारे दार, अर्धवट उघडे. दारातून आत आलेला उजेडाचा पट्टा फरशीवर तिरका पसरत डाव्या कोपऱ्यापर्यंत येतो. त्या कोपऱ्यात पाठ भिंतीला टेकून एक लहान मुलगी बसली आहे. तिच्या एका पायात लाल बूट आहे आणि दुसरा तिने हातात धरला आहे. ती दाराकडे बघते आहे. आपण हे सारे जरा उंचावरून पाहतो आहोत.

तुमचे डोळे आधी कुठे गेले? बहुधा लाल बुटांवर. चित्रातल्या ज्या घटकाकडे लक्ष सर्वांत आधी खेचले जाते, त्याच्या या खेचण्याच्या शक्तीला 'सेलियन्स' म्हणतात, आणि ती आकार, रंगाचा विरोध, ठळकपणा, जागा यांतून येते. इथे मुलगी लहान आहे, कोपऱ्यात आहे, तरीही करड्या पसाऱ्यात लाल रंग एकटाच असल्याने तीच पहिली दिसते. आता अंगठ्याने ते बूट झाकल्याची कल्पना करा. नजर लगेच दाराकडे जाईल आणि चित्र दाराचे होऊन बसेल, मुलगी त्याचा एक तपशील होईल. म्हणजे लाल बुटांनी चित्राची मालकी मुलीकडे ठेवली आहे. 'लाल रंग म्हणजे धोका' असे पाठ केलेले कोष्टक इथे लावायला गेलात, तर हे सगळे हातचे जाईल. रंगाला कायमचा अर्थ नसतो. शेजारच्या रंगांमुळे त्याला काम मिळते.

'व्हेक्टर' म्हणजे नजरेला एका जागेवरून दुसरीकडे घेऊन जाणारी, प्रत्यक्ष किंवा मनाने काढलेली रेषा. उजेडाचा पट्टा हा एक व्हेक्टर आहे, तो दाराकडून मुलीकडे येतो; मुलीची नजर हा दुसरा, तो मुलीकडून दाराकडे जातो. दोन्ही एकाच वाटेने उलटसुलट धावतात, आणि खोलीतल्या सगळ्या रिकाम्या जागेत ही एकच वाट तयार होते. ती रिकामी जागा, जिला 'निगेटिव्ह स्पेस' म्हणतात, ती वाया गेलेली नाही. मुलीला दारापर्यंत जायला किती चालावे लागेल, हे ती सांगते.

'गेझ' म्हणजे चित्रातल्या व्यक्तीची नजर. गुंथर क्रेस आणि थिओ व्हान लिउवेन यांनी १९९६ साली चित्रवाचनाची जी पद्धत मांडली, तिच्यात ही नजर दोन प्रकारची मानली आहे. व्यक्ती थेट आपल्याकडे बघत असेल तर ती 'डिमांड'. ती आपल्याकडून काही मागते, मदत असो वा उत्तर. ती दुसरीकडे बघत असेल तर 'ऑफर'. ती आपल्याला केवळ पाहू देते. आपली मुलगी दाराकडे बघते, म्हणून तिची नजर ऑफर आहे. तिने मान वळवून आपल्याकडे पाहिले असते, तर हेच चित्र मदतीच्या आवाहनाचे फलक झाले असते. आज ते तसे नाही. तिला आपली गरज आहे की नाही हेसुद्धा आपल्याला कळत नाही, आणि एक बूट हातात आहे तो ती घालते आहे की काढते आहे, हेही नाही. चित्राचा सगळा ताण त्या एका बुटात आहे.

परिच्छेद लिहिताना हे सारे शब्द कोंबायची गरज नाही. 'करड्या खोलीतले लाल बूट हा चित्रातला सर्वाधिक सेलियंट घटक असल्यामुळे मुलगी आकाराने लहान असूनही चित्राचे केंद्र ठरते. उजेडाचा पट्टा आणि तिची नजर हे दोन व्हेक्टर तिला दाराशी जोडतात, पण ती निघाली आहे की परतली आहे, हे हातातल्या बुटामुळे अनिश्चितच राहते.' एवढी दोन वाक्ये पानभर वर्णनाहून भारी पडतात.

प्रश्न : 'हाय अँगल म्हणजे दुबळेपणा आणि लो अँगल म्हणजे सामर्थ्य' हा नियम बरोबर आहे का? — एक विद्यार्थी

तो नियम नाही, सवय आहे. वरून पाहिलेला माणूस लहान दिसतो आणि खालून पाहिलेला थोराड, त्यामुळे तसा अर्थ निघतो हे खरे. पण खेळाच्या मैदानाचे वरून घेतलेले दृश्य कोणालाही दुबळे ठरवत नाही, ते फक्त कोण कुठे उभे आहे ते दाखवते. मागच्या उत्तरातले चित्रच बघा : उंचावरून पाहिल्यामुळे मुलगी एकाकी दिसते, दुबळी म्हणावी असे मला वाटत नाही. अँगलबरोबर शॉटचा आकारही सांगावा. लाँग शॉटमध्ये माणूस आणि त्याचा परिसर दिसतो, मिड शॉटमध्ये कमरेपासून वरचा भाग, क्लोजअपमध्ये केवळ चेहरा. आणि क्लोजअपने परिसर काढून घेतला की उरते ती भावना.

पण ती भावना तरी त्या चेहऱ्यावर असते का? रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा, १९२० च्या आसपासचा एक प्रयोग याच प्रश्नावर बोट ठेवतो. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा सूपच्या ताटलीच्या, शवपेटीच्या आणि अशाच इतर दृश्यांच्या शेजारी जोडला, तर पाहणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर कधी भूक, तर कधी शोक दिसतो. चेहरा बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो. दोन गोष्टी शेजारी ठेवून अर्थ निर्माण करण्याला 'जक्स्टापोझिशन' म्हणतात, आणि ती संज्ञा कवितेलाही तितकीच लागू पडते. म्हणून एका फ्रेमवर उत्तर लिहायला सांगितले, तरी तिच्या आधी आणि नंतर काय आहे ते दिले असल्यास अवश्य बघावे.

प्रश्न : कॉमिक्सवर प्रश्न आला तर त्यात संज्ञा कोणत्या वापरायच्या? माझा मुलगा म्हणतो, त्यात अभ्यासण्यासारखे काहीच नसते. — एक पालक

मुलाला म्हणावे, दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी बघ. चौकटीला 'पॅनेल' म्हणतात आणि त्या पट्टीला 'गटर'. पहिल्या पॅनेलमध्ये टेबलाच्या कडेला फुलदाणी आणि तिच्याकडे झेपावणारे मांजर. दुसऱ्यात फरशीवर तुकडे आणि मांजर खिडकीत, पाठमोरे. फुलदाणी पडताना कोणी काढलेलीच नाही. ती पडली, तिचा आवाज झाला, मांजर दचकले, हे सगळे त्या पांढऱ्या पट्टीत आपण स्वतः घडवले. वाचकाच्या या कामाला स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'क्लोजर' हे नाव देऊन ते कॉमिक्सचे मर्म मानले. आता मुलाला त्या दोन चौकटींच्या मध्ये पडती फुलदाणी दाखवणारी तिसरी चौकट काढायला सांगा आणि तिन्ही ओळीने वाचायला लावा. मांजराचे पाठमोरे बसणे मघाशी होते तेवढे लबाड वाटते का, ते त्यालाच विचारा.